दस्ती गेंद

एखादी भाषा आपल्याला जरा बरी येते म्हणून माणसानं मान ताठ करून फिरू नये. हे शहाणपण मला चौदाव्या वर्षी आलं, पण त्याची झळ मला न लागता दुसऱ्याच माणसाला लागली. त्या माणसाबद्दल लिहायचं लिहायचं म्हणत इतकी वर्षं गेली. परवा नातू म्हणाला, "आजोबा, तुम्ही हँडबॉल खेळला होतात? खरंच?" आणि हसला. खेळलो होतो बाबा. तुझ्या टीव्हीतल्यासारखा नाही, पण खेळलो होतो. उस्मानाबादच्या मैदानावर, चांगल्या दोनतीनशे माणसांच्या देखत, आणि जिंकलो असतो तर म्हणे विलायतेपर्यंत जायची वाट होती.

आम्ही तेव्हा येडशीला राहत होतो. निजामाचं राज्य. आम्ही त्याला मोगलाई म्हणायचो आणि छोट्या गाडीनं दोनेक तासांवर असलेल्या बार्शीकडच्या इंग्रजी मुलखाला नुसतं 'हद्दीपलीकडं'. वडील शिंपी. सगळं गाव त्यांना अण्णा म्हणायचं म्हणून आम्हीही अण्णाच म्हणायचो. रस्त्याकडच्या खोलीत त्यांचं पायाचं मशीन होतं आणि दिवसभर त्याची खडखड चालायची. माय आत भाकरी थापायची ती त्या आवाजाच्या संगतीनं. मशीन थांबलं की तिचाही हात थांबायचा आणि ती आतूनच विचारायची, "काय झालं? दोरा तुटला का?" दुसरी मोठी लढाई संपली होती, पण कापड अजून कंट्रोलवरच, म्हणजे रेशनवरच, होतं. लोक नवं शिवायचे कमी आणि जुनं उलटवून घ्यायचे जास्त. विटलेली बाजू आत, आतली बाहेर. गिऱ्हाइकाच्या कापडातला बोटभर तुकडा उरला तरी अण्णा तो पुडीत बांधून परत द्यायचे. बाकीचे शिंपी त्यांना हसायचे. शिंप्याचं घर असून आमच्याकडं ठिगळाला कापड नसायचं. जेवायला मात्र कमी नव्हतं. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, शेंगदाण्याची चटणी, आणि माय खुशीत असली की दह्याबरोबर धपाटे. तसले धपाटे पुन्हा कुणी करून घातले नाहीत. माझ्या बायकोनं हे वाक्य वाचलं तर वाचलं.

शाळेत चौथीपर्यंत मराठी आणि पुढं सगळं उर्दू. गणित उर्दूत, भूगोल उर्दूत. पोरांची त्यात त्रेधा उडायची, पण मला ती भाषा का कोण जाणे पटकन आली. वर्गात मी पहिला. मग काय विचारता! तहसीलची नोटीस आली, कुणाचं समन्स आलं, की माणूस आमच्या ओट्यावर. "माधू, येवढं वाच की रं." मी हातातली भाकरी ठेवून, हात पुसून, घसा साफ करून वाचायचो. एखादा शब्द अडला तर अडलाय हे दाखवायचो नाही; अंदाजानं ठोकून द्यायचो. मायला त्यातलं काही कळायचं नाही, पण मी वाचत असताना ती चुलीपुढून उठून दारात येऊन उभी राहायची.

त्याच वर्षी शाळेला ड्रिल मास्तर मिळाले. बार्शीपलीकडच्या कुठल्या गावचे, लढाईत मिसर देशाची वाळू खाऊन आलेले हवालदार. त्यांना सगळे हवालदार मास्तर म्हणायचे. उंच, काळेसावळे, खाकी चड्डीला कायम इस्त्री. नेमणूक वर्षापुरती होती आणि तालीमात खात्याच्या, म्हणजे शिक्षणखात्याच्या, साहेबांच्या मनात आलं तर कायम होणार होती. मास्तरांची बायको आणि लहान मुलगी गावाकडं होत्या. कुठल्याही विषयावर बोलणं निघालं तरी ते शेवटी एकाच ठिकाणी येऊन थांबायचं: "कायम झालो की बिऱ्हाड आणतो." भाड्याच्या खोलीत त्यांनी स्वतःच्या हातानं चूल घातली होती आणि चुलीला शेजारी वैलही काढला होता. एकट्या माणसाला वैल कशाला लागतो असं मी विचारलं तर म्हणाले, "तिला लागतो. तिकडं कालवण आन् हिकडं भाकर."

मास्तर हिंदुस्थानी बोलायचे ते असं खणखणीत, की हेडमास्तर साहेबही चाट पडायचे. पण फौजेत ती भाषा इंग्रजी अक्षरांत लिहायचे. उर्दू लिपीचं एक अक्षर मास्तरांना येत नव्हतं, आणि हे शाळेत फक्त मला ठाऊक होतं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला शाळेमागं बोलावून एक कागद पुढं केला. "डोळ्यात कचरा गेलाय. वाच जरा." दुसऱ्या वेळीही कचरा. तिसऱ्या वेळी मी हसलो, तेव्हा ते खाली बसले आणि सरळ म्हणाले, "माधू, मला ह्ये वाचाया येत न्हाय. कुटं बोललास तर माजं बिऱ्हाड तिकडंच ऱ्हाईल बघ." मी रामलिंगाची शपथ घेतली. एवढ्या मोठ्या माणसाचं गुपित आपल्या खिशात आहे या विचारानं मी त्या दिवशी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

थंडीचे दिवस होते, ज्वारी हुरड्यात आली होती, तेव्हा तो हुकूमनामा आला. हेडमास्तर साहेबांनी तो नीट वाचलाही नाही. "देखो भई, ये तुम्हारा काम है," म्हणून मास्तरांकडं सरकवला. मास्तरांनी तो माझ्याकडं आणला. लिहिलं होतं ते असं: इलाख्यातल्या सगळ्या मदरशांचा, म्हणजे शाळांचा, मुकाबला उस्मानाबादला होईल. जिंकणारा संघ हैदराबादला जाईल. तिथून निवडलेली पोरं 'बैन-उल-अक़वामी' मुकाबल्यात, म्हणजे साऱ्या मुलखांच्या खेळांत, रियासतीचं नाव काढतील. प्रत्येक बाजूला अकरा गडी, दोन टोकांना दोन गोल, चेंडूला पाय लागता कामा नये. खेळाचं नाव 'दस्ती गेंद'. आणि अगदी तळाशी: खेळाची क़वायद अलाहिदा रवाना होईल. म्हणजे नियम वेगळे पाठवू.

"दस्ती गेंद म्हंजे काय रं?" मास्तरांनी विचारलं.

"दस्ती मास्तर, दस्ती!" मी म्हणालो. "नाक पुसायची."

आमच्या मुलखात दस्ती म्हणजे हातरुमाल. आजही धाराशिवच्या दुकानात जाऊन दस्ती मागा, घडी घातलेला रुमाल पुढं येईल. पुण्यात मागितलीत तर दुकानदार तुमच्या तोंडाकडं बघेल. मास्तरांना जरा शंका आली म्हणून आम्ही गफूरला विचारलं. गफूर माझा जिवाचा दोस्त, शेतकऱ्याचा पोरगा. त्याच्या घरात दखनीच बोलायचे, तेव्हा त्याचा शब्द शेवटचा. त्यानंही खांदे उडवले. "दस्ती बोले तो दस्ती. और क्या?" झालं. मी मोठ्या तोऱ्यात अर्थ सांगितला: हा चेंडू हातानं धरायचा नाही, दस्तीत धरायचा.

नियमांची आठ दिवस वाट पाहिली. ते यायचे नव्हतेच. शेवटी मास्तर म्हणाले, "हुकूम आला न्हाय म्हणून फौज बसून ऱ्हात न्हाय," आणि त्यांनी स्वतःच नियम केले. दस्तीची दोन टोकं दोन हातांत धरायची, झोळी करायची, चेंडू झोळीत झेलायचा आणि झोळीतूनच फेकायचा. पहिल्या दिवशी चेंडू सगळ्यांच्या डोक्यावर पडला. दुसऱ्या दिवशी गफूरनं दस्तीची दोन्ही टोकं एकाच मुठीत धरली, गरकन डोक्याभोवती फिरवली आणि एक टोक सोडलं. चेंडू शाळेच्या कुंपणापलीकडं गेला. "अरं, ही तर गोफण!" मास्तर ओरडले. आणि मग विचारायलाच नको. आमच्यातल्या आठ पोरांचं बालपण शेतातल्या माळ्यावर उभं राहून ज्वारीवरची पाखरं उडवण्यात गेलेलं. गोफण त्यांच्या मनगटात होती. आठवड्याभरात ती पोरं अर्ध्या मैदानावरून नेम धरायला लागली. मायनं वाकळेच्या चिंध्यांचा पक्का चेंडू शिवून दिला होता. तो हवेतून यायचा आणि पांढऱ्या दस्तीत 'धप्' करून बसायचा. तो आवाज मला इतका आवडायचा की मी घरी कांदा घेऊन तसाच झेलत बसायचो आणि मायच्या शिव्या खायचो.

एकदा मास्तर आमच्याकडं पाहून म्हणाले, "आसला खेळ म्या मिसरमदीबी बघितला न्हाय." बरोबरच होतं. जगात कुठं नव्हताच तो.

पण उस्मानाबादला जायचं तर अकरा जणांच्या हातांत अकरा जातीच्या दस्त्या कशा चालतील? मास्तर आमच्या ओट्यावर येऊन अण्णांपुढं बसले. "सारख्या पायजेत, अण्णा. युनिफारम हाय." कंट्रोलच्या दुकानापुढं दोन दिवस उभं राहून अण्णांनी नवं धोतर आणलं होतं, ते ट्रंकेतून काढलं, पाटावर पसरलं आणि खडूनं चौकोन आखायला लागले. माय म्हणाली, "आवं, नेसायचं काय?" अण्णा म्हणाले, "हाय ते नेसतो की. पोरं परमुलखात चालली." माय मग रोज दुपारी उन्हात बसून कडा मुडपून तुरपाई करायची आणि येणाऱ्याजाणाऱ्या बायकांना सांगायची, "आमचा माधू बैनुलला जाणार हाय." एका बाईनं विचारलं, "ह्ये बैनुल कुटं आलं?" माय म्हणाली, "हैदराबादच्या लई म्होरं." बैन-उल-अक़वामी हे तिच्या लेखी एक गाव होतं, आणि मला वाटतं तिनं मनातल्या मनात तिथं माझ्यासाठी एक बरी खोलीही बघून ठेवली होती.

जायला चार दिवस राहिले असताना फारसीच्या तासाला मौलवी साहेबांनी एक शब्द सांगितला: दस्त-ब-दस्त. मौलवी साहेब म्हातारे आणि प्रेमळ होते. अर्थ सांगताना हातवारे करायचे. त्यांनी आपला थरथरता उजवा हात वर केला, पुढच्या पोराच्या हातात दिला आणि म्हणाले, "दस्त बोले तो हाथ, बेटा. दस्त-ब-दस्त. हाथों-हाथ." सगळ्या वर्गानं ते वहीत लिहिलं. माझी लेखणी तिथंच थांबली. दस्त म्हणजे हात. दस्ती गेंद म्हणजे हाताचा चेंडू. हातानं खेळायचा चेंडू, बस्स. रुमालाचा काही संबंधच नव्हता. रुमालालाही दस्ती म्हणतात ते तो हातात असतो म्हणून. माझ्या कानांतून वाफा निघाल्या.

मी फक्त गफूरला सांगितलं. तो म्हणाला, "चुप बैस. तुझी माय दस्त्या शिवायली. मास्तर बिऱ्हाडाचं बोलायले. आता कुणाला सांगतोस?" तरी मी मास्तरांकडं गेलो. ते मैदानावर पोरांना झेल शिकवत होते आणि हसत होते. मास्तर हसताना मी फार वेळा पाहिले नव्हते. मला बघून म्हणाले, "माधू, तू न्हाय वाचलं असतं तर ह्ये कायबी झालं नसतं." मी नुसती दस्ती पसरली आणि झेलायला उभा राहिलो. भीती वाटली हे खरं, पण निव्वळ भीती नव्हती. सगळ्या गावाचा उर्दूवाला माधू चुकला, हे मला सांगवेना. आज अंग चोरून ते 'लहान होतो' म्हणून सोडून देता येईल, पण चौदा वर्षांचा मुलगा इतका लहान नसतो.

सकाळच्या मोटारीनं आम्ही उस्मानाबादला गेलो. मायनं धपाट्यांची चवड बांधून दिली होती, मोटारभर त्याचा वास. पोरं गाणी म्हणत होती. मी खिडकीतून बाहेर बघत होतो. मैदानावर चुन्याच्या रेघा मारलेल्या, एका कडेला मंडप, खुर्च्या. आणि मधोमध दुसऱ्या मदरशाची पोरं चामड्याचा चेंडू उघड्या हातांनी झेलत होती, उघड्या हातांनी फेकत होती. आमची अकरा पोरं खाकी मास्तरांमागं ओळीनं उभी, प्रत्येकाच्या उजव्या हातात अण्णांच्या धोतराची पांढरीशुभ्र दस्ती. आधी जवळची माणसं हसली, मग लांबची. कुणीतरी ओरडलं, "सर्दी हुई क्या रे सब को?"

मंडपातून तालीमातचे मोहतमिम साहेब, म्हणजे खात्याचे मोठे साहेब, उठून आले. शेरवानी, रुमी टोपी, गोरापान चेहरा. "मास्टर साहब, ये दस्तियाँ किसलिए?"

मास्तरांनी कडक सलाम ठोकला. "हुजूर, दस्ती गेंद के लिए."

साहेब इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं. ते पुसायला त्यांनी स्वतःचा रुमाल काढला, त्याच्याकडं बघितलं आणि पुन्हा हसत सुटले. माणूस वाईट नव्हता. हसू आवरल्यावर त्यांनी विचारलं, "अरे भई, हुक्मनामा पढ़ा किसने?"

मास्तरांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "मैंने, हुजूर."

"आपने?"

"जी. ग़लती मेरी."

साहेबांनी कागदांच्या चळतीतून तोच हुकूमनामा काढला आणि मास्तरांच्या हातात दिला. "तो ज़रा मुझे भी पढ़कर सुनाइए. देखूँ, रूमाल कहाँ लिखा है." त्यांना गंमतच करायची होती. मास्तरांनी कागद धरला. दोन्ही हातांनी, छातीपुढं, ताठ. आजूबाजूचं हसणं हळूहळू थांबत गेलं. मास्तरांच्या अंगठ्याचं नख कागदावर दाबून पांढरं झालेलं मला दिसत होतं. माझ्याच्यानं ते बघवेना. मी रांगेतून पुढं गेलो.

"हुजूर, मैंने पढ़ा था," मी म्हणालो. "मास्टरजी को पढ़ना नहीं आता."

पहिलं वाक्य मी मनाशी ठरवून बोललो होतो. दुसरं त्याच्यामागून आपोआप आलं. मास्तरांचा दोष नाही एवढंच मला सांगायचं होतं. पण जे तोंडातून गेलं ते गेलं, आणि ते साहेबांनी ऐकलं, इतर मदरशांच्या मास्तरांनी ऐकलं, आमच्या पोरांनी ऐकलं. रामलिंगाची शपथ तिथं चुन्याच्या रेघेवर मोडून पडली. साहेबांचा चेहरा बदलला. त्यांनी कागद अगदी हळू मास्तरांच्या हातातून काढून घेतला, "अच्छा" म्हणाले, आणि पेन्सिलीनं त्याच्या कोपऱ्यात काहीतरी लिहिलं. "खेलिए, खेलिए. बच्चे इतनी दूर से आए हैं."

आम्ही खेळलो. दस्त्या कमरेला खोचल्या आणि उघड्या हातांनी खेळलो. चामड्याचा चेंडू हातात टिकेना. झेलायला हात पुढं केले की ते आपोआप झोळी धरल्यासारखे दोन बाजूंना जायचे आणि चेंडू मधून निघून छातीवर आदळायचा. मध्यंतरापर्यंत आमच्यावर नऊ गोल झाले होते. मास्तर रेघेवर उभे राहून पहिल्यासारखेच ओरडत होते, "हात जवळ! हात जवळ घ्या रं!" मध्यंतरात गफूर पंचापुढं जाऊन उभा राहिला. "साब, दस्ती मना है क्या?" पंचानं नियमांचं पुस्तक पहिल्या पानापासून चाळलं. मनाई कुठंच नव्हती. असं कुणी विचारील हे पुस्तक लिहिणाऱ्याच्या स्वप्नातही आलं नसणार. मग गफूरनं कमरेची दस्ती काढली. शेवटी शेवटी त्याला एकदा चेंडू मिळाला. अर्ध्या मैदानावरून त्यानं तो झोळीत घेतला, गरगर फिरवला, आणि टर्रकन कापड फाटलं, पण चेंडू गेला. गोलवाला जागचा हललाही नाही. साऱ्या मैदानानं टाळ्या वाजवल्या, साहेबांनीसुद्धा. एवढा एकच गोल. त्यांचे चौदा. बैनुल राहिलं बाजूला, आम्ही संध्याकाळच्या मोटारीत बसलो.

मोटारीत मास्तर माझ्या शेजारी होते. पोरं आता गफूरच्या गोलाचं बोलत होती. मी खाली मान घालून म्हणालो, "मास्तर, मला चार दिस झालं ठावं हुतं."

मास्तर म्हणाले, "चार दिसात हातानं खेळाया शिकलो असतो आपण." आवाज चढवला नाही, की हात उगारला नाही. ते वाक्य मी आजही ऐकतो. उतरताना म्हणाले, "उद्या साळा सुटल्यावर माज्या खोलीवर ये. पाटी घिऊन."

मला वाटलं आता उभं करून झोडणार. दुसऱ्या दिवशी गेलो तर मास्तर सतरंजीवर मांडी घालून बसलेले, टोक काढलेली पेन्सिल हातात. "अलीफ काढ," म्हणाले. "मला शिकीव." आणि मी चाळिशीतल्या हवालदाराचा मास्तर झालो. रोज शाळा सुटल्यावर तासभर. उजवीकडून डावीकडं लिहायचं म्हटल्यावर त्यांचा हात सवयीनं भलतीकडंच जायचा, मग स्वतःलाच हुकूम सोडायचे, "अबाउट टर्न!" बे, ते, से ही अक्षरं त्यांनी एका बैठकीत घेतली. "फौजेतल्या फितींवानी! एक ठिपका लान्स नाईक, दोन ठिपके नाईक, तीन म्हंजी म्या," म्हणाले. पण अक्षरं जोडायची वेळ आली तेव्हा घाम फुटला. एकेकटं असताना अक्षराचं एक तोंड, आणि पलटणीत उभं केलं की दुसरंच! त्यांना राग यायचा, पाटी पुसायचे, पुन्हा गिरवायचे. शेजारच्या वैलावर ते माझ्यासाठी शेंगा भाजायचे. शपथ मोडल्याबद्दल त्यांनी एकदाही विचारलं नाही, आणि मीही विषय काढला नाही. शिमगा आला तशी त्यांना दुकानांवरच्या पाट्या लागायला लागल्या. स्टेशनावरचं 'येडशी' त्यांनी वाचलं तेव्हा फलाटावर उभे राहून ते तीन वेळा मोठ्यानं म्हणाले. गार्ड वळून बघायला लागला. "आता बिऱ्हाडाला आणाया जाईन तवा तिला वाचून दावतो," म्हणाले.

उन्हं तापायला लागली होती. शाळा नुकतीच सुटली होती आणि मास्तर आपल्या खोलीच्या ओट्यावर बसून माझ्या पाचवीच्या उर्दू पुस्तकातला धडा वाचत होते, इतक्यात हेडमास्तर साहेबांचा शिपाई एक कागद देऊन गेला. शिपाई थांबला नाही. मी सवयीनं हात पुढं केला. मास्तरांनी कागद मागं घेतला. "थांब. म्या वाचतो."

त्यांनी बोट ठेवलं आणि उजवीकडून निघाले. पहिलं आपलं नाव आलं. ते वाचून त्यांचा चेहरा असा उजळला! सरकारी कागदावरचं स्वतःचं नाव माणूस पहिल्यांदाच वाचत होता. मग 'ड्रिल मास्टर'. मग 'मदरसा' आणि 'येडशी', ते तर पाठच होतं. ते अक्षर अक्षर जोडत होते, ओठ हलत होते, आणि प्रत्येक शब्द सुटला की माझ्याकडं बघून मान हलवत होते. मी समोर बसलो होतो. उलटा कागद वाचायला मला पळभरही वेळ लागला नव्हता. मला वाटत होतं, पुढच्या शब्दावर ते अडावेत. माझ्याकडं कागद द्यावा. मी काहीतरी दुसरंच वाचीन. मला ते चांगलं जमत होतं. 'ख़िदमात'वर, म्हणजे चाकरीवर, ते अडलेही. "ह्ये ख़े न्हवं?" त्यांनी विचारलं, आणि माझं उत्तर यायच्या आत स्वतःच डोक्यावरचा ठिपका पाहून पुढं गेले. आपकी ख़िदमात की ज़रूरत बाक़ी नहीं रही.

शेवटापर्यंत वाचून ते थांबले. मग सुरुवातीपासून पुन्हा वाचलं, या वेळी न अडखळता. कारण काय ते कागदात नव्हतं. मी चुकीचं वाचलं म्हणून, चार दिवस गप्प बसलो म्हणून, की भलत्या जागी खरं बोललो म्हणून, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आताही माहीत नाही. तिन्ही मीच केलं होतं. मास्तरांनी कागदाची घडी घातली.

"बरुबर वाचलं का रं?"

माझे डोळे भरून आले होते. "व्हय, मास्तर."

"येकबी चूक न्हाय?"

"येकबी न्हाय."

मग त्यांचा तो भला थोरला हात माझ्या पाठीवर पडला. "मंग शाबास," म्हणाले. "चांगलं शिकिवलंस."